हे अंशतः खरे आहे

डिसेंबर उजाडला आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या सुरू झाल्या, की मला आमदार निवासातील एक खोली आठवते. पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर मी एका विधानसभा सदस्यांकडे काही महिने अभ्यास सहायक म्हणून काम केले. माझ्याबरोबर मेळघाटातून आलेली एक मुलगी होती. विधिमंडळात अशा तरुण सहायकांचा सन्मान व्हायला हवा, असे मी जेव्हा जेव्हा म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीच असते.

तिने एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बंद पडलेल्या रुग्णवाहिकेवर तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याच्या उत्तरावर मंत्र्यांना सभागृहात उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न, तयार केला होता. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ या ठरलेल्या साच्यात एखाद्या गावाचे दुखणे नेमके बसवणे हे कसबाचे काम आहे. त्यासाठी तिने तीन गावांतील आशाताईंशी फोनवर बोलून तारखा जुळवल्या होत्या आणि माहिती अधिकारात मिळालेले कागद ओळीने लावून ठेवले होते. छापील उत्तर आले, ‘हे अंशतः खरे आहे.’ तिने ते दोनदा वाचले आणि रात्री उशिरापर्यंत बसून उपप्रश्न लिहून काढले. त्यांतील पहिलाच होता, यातील कोणता अंश खरा आहे? दुसऱ्या दिवशी आमच्या सदस्यांनी सभागृहात तोच प्रश्न विचारला आणि दुरुस्तीची तारीख सांगणे मंत्र्यांना भाग पडले. ती मात्र प्रेक्षक गॅलरीत नव्हती. आमच्याच कार्यालयाकडून तिच्या प्रवेशपत्राचा अर्ज वेळेत गेला नव्हता, त्यामुळे तिने ते सारे खोलीत बसून मोबाइलवर पाहिले.

सभागृहात उच्चारलेला शब्द सदस्यांचाच असतो, कारण मतदारांना उत्तर त्यांनाच द्यायचे असते. सहायकाने पडद्यामागे राहावे हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु पडद्यामागे राहणे वेगळे आणि कोणाच्या गावीही नसणे वेगळे. राष्ट्रकुल संसदीय मंडळ ही राष्ट्रकुल देशांतील कायदेमंडळांची संघटना; तिच्या महाराष्ट्र शाखेतर्फे उत्कृष्ट संसदपटू आणि उत्कृष्ट भाषण असे पुरस्कार दिले जातात, आणि ते दिले जावेतच. त्या भाषणांतील आकडे ज्यांनी शोधले, जुन्या कार्यवाहीची पाने ज्यांनी चाळली आणि नियम १०५ खालील लक्षवेधी सूचनेचा मसुदा ज्यांनी चार वेळा पुन्हा लिहिला, त्यांचाही उल्लेख त्याच समारंभात का होऊ नये? याच शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग नागपुरात राज्यभरातील विद्यार्थ्यांना कामकाज जवळून दाखवतो. हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. मात्र पाहायला आलेल्यांचे स्वागत करणारी व्यवस्था राबणाऱ्यांनाही ओळखणारी असावी.

इतरत्र ही वाट मळलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेची फेलोशिप १९५७ पासून चालू असून तिला जेसी अनरू या माजी सभापतींचे नाव आहे. तेथील फेलोंना रीतसर वेतन मिळते. अमेरिकेतील काही राज्यांत इंटर्नच्या गौरवाचा ठराव सभागृहात मांडला जातो. आपल्याकडे २०१० पासून ‘लॅम्प’ (लेजिस्लेटिव्ह असिस्टंट्स टू मेंबर्स ऑफ पार्लमेंट) फेलोशिपमुळे तरुण अभ्यासक खासदारांबरोबर काम करतात, तर महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप प्रशासनाच्या बाजूची आहे. आमदारांकडे काम करणारी जी मुले मी पाहिली, ती बहुतेक ओळखीतून आलेली आणि घरून पैसे मागवून राहणारी होती. म्हणून सन्मानाची सुरुवात मानधनापासून व्हावी, असे मला मनापासून वाटते. शाल आणि श्रीफळ नंतर आले तरी चालेल. ज्याच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत, तो मुलगा आज या कामापर्यंत पोहोचतच नाही, आणि बंद रुग्णवाहिका नेमक्या त्याच्याच गावात असतात.

या अधिवेशनापूर्वी मी आमच्या त्या सदस्यांना पत्र लिहिले आहे. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आपल्या सहायकांची नावे त्यांनी सभागृहात घ्यावीत, म्हणजे ती कार्यवाहीच्या वृत्तांतात छापली जातील, एवढेच त्यात मागितले आहे. सोबत रुग्णवाहिकेच्या त्या छापील प्रश्नोत्तराची प्रत जोडली असून, तो प्रश्न कोणी तयार केला होता हे समासात लिहिले आहे.