मेल माझ्याकडे आहेत, असं मला वाटत होतं

दिवाळी अंकाच्या कामामुळे जूनपासून माझ्याकडे लेखकांचे मेल सुरू होतात. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी घरी येतं, कॉम्प्युटरकडे बघतं आणि विचारतं, "हे काय उघडून बसलाय? जीमेल ब्राउझरमध्ये दिसतं की. आणि वेगळं घ्यायचंच तर फुकटातलं कोणतं घेऊ?" यंदा तुम्ही विचारलंत. चहा संपला तरी माझं उत्तर संपेना, म्हणून लिहून काढतोय.

तुम्ही पाहिलंत ते थंडरबर्ड, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून वाचायचं फुकटातलं सॉफ्टवेअर. अंकाचा पत्ता, माझा स्वतःचा आणि अनुवादाच्या कामाचा, असे तिन्ही पत्ते एकाच खिडकीत दिसतात. नेट गेलं तरी जुनं पत्र उघडतं. पण ही झाली वरवरची कारणं. खरं कारण असं, की लेखकांनी पाठवलेली हस्तलिखितं आपल्याकडे असावीत, असं मला वाटतं. आणि ती आपल्याकडे आहेत, या समजुतीत मी काही वर्षं सुखाने राहिलो.

अंकाच्या पत्त्याला होस्टिंगवाल्याने दिलेली जागा बेताची होती. ऐन सप्टेंबरात ती भरली आणि लेखकांचे मेल परत जायला लागले. मी विचार केला, जुने मेल कॉम्प्युटरवर आहेतच, तिकडचे पुसून टाकू. ब्राउझरमधून आत गेलो, दोन वर्षांपूर्वीचं सगळं निवडलं आणि पुसलं. कचराही रिकामा केला. हुश्श म्हणून थंडरबर्ड उघडलं, तर इनबॉक्समधले तेच मेल डोळ्यांदेखत नाहीसे होत गेले.

बिघाड कशातच नव्हता. खातं आयमॅप पद्धतीने जोडलेलं होतं, आणि आयमॅपचं काम सर्व्हरवर जे आहे तेच इथे दाखवण्याचं. तिकडे पुसलं की इकडेही पुसलं जातं. कॉम्प्युटरवर मजकूर उतरवलेला असतो हे खरं, पण ती तुमची वेगळी प्रत नव्हे. जुनी पॉप पद्धत पोस्टमनसारखी: पत्र दारात टाकलं की त्याचा संबंध संपला. पण फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे मेल बघायचे, तर पॉपने गोंधळ होतो. म्हणून हल्ली आयमॅपच घ्यावं, फक्त ते काय आहे ते ओळखून घ्यावं.

वाचलो ते आळसामुळे. थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतं, आणि पुसलेला मेल यादीतून गेला तरी फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत त्या फाइलमध्ये पडून असतो. कॉम्पॅक्ट करू का, असं विचारणारी खिडकी मी दर वेळी न वाचता बंद करायचो. नेट तोडलं, ती फाइल दुसरीकडे कॉपी केली आणि साध्या नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडली. इंग्रजी मेल सरळ वाचता येत होते. मराठी मात्र बहुतेक नुसत्या रोमन अक्षर-आकड्यांच्या लगडी! देवनागरी मजकूर पाठवताना बऱ्याचदा बेस-64 नावाच्या रूपात बांधला जातो. तो उलगडत, एकेक कथा बाहेर काढत नवरात्र गेलं. बरंचसं परत मिळालं, सगळं नाही.

तेव्हापासून अंक छापून आला की मी थंडरबर्डमधल्या 'लोकल फोल्डर्स'खाली त्या वर्षाचा फोल्डर करतो. त्यात मेल आधी कॉपी करतो, दोन-चार अटॅचमेंट उघडून बघतो, आणि मगच सर्व्हरवरचे पुसतो. लोकल फोल्डर्सला सर्व्हर हात लावत नाही. पण मग ती एकुलती एक प्रत उरते, म्हणून थंडरबर्ड बंद करून त्याचा अख्खा प्रोफाइल फोल्डर (मेल, खाती, सेटिंग सगळं ज्यात असतं तो) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांना लावायचं कुलूप, लावला नसेल, तर साठवलेले पासवर्डही त्या फोल्डरसोबत सहज वाचता येतील असे जातात. तेव्हा ती डिस्क भाच्याला सिनेमे भरायला देऊ नये.

जागा भरण्याचं संकट जीमेलवाल्यांनाही आहे. फुकट मिळणारी 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. लग्नाचे व्हिडिओ चढवले की मेल अडतात.

आता कोणतं घ्यायचं. विंडोजबरोबर येणारं साधं मेल ॲप 2024 च्या अखेरीस बंद झालं, त्याच्या जागी नवं आउटलुक आलं. दिसायला ते नीटनेटकं आहे, पण इतर कंपन्यांची खाती त्यात जोडली की ते मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही उतरतात. मला मधला माणूस नको होता. ईएम क्लायंट देखणं आहे, फुकटात दोन खाती आणि तीही फक्त घरगुती वापराला. माझी तीन. लिनक्सवर इव्होल्यूशन चांगलं आहे. थंडरबर्डची 1.0 आवृत्ती डिसेंबर 2004 मधली. 2012 मध्ये ते बनवणाऱ्या मोझिलाने त्यातून हात आखडता घेतला, तेव्हा हे आता जातंय असं मीही धरून चाललो होतो. पण ते वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तगलं, आणि 2024 मध्ये अँड्रॉइडवरही आलं. जुन्या घरासारखं आहे ते: खोल्या भरपूर, कुठलं बटण कुठे ते आठ दिवस सापडत नाही.

एक सोय मात्र मला फार आवडते. मेलमध्ये अटॅचमेंटचा उल्लेख असेल आणि फाइल जोडायची राहिली असेल, तर ते टोकतं. कोणत्या शब्दांवर टोकायचं ती यादी आपल्याला वाढवता येते. माझ्या यादीत 'पीएफए' (प्लीज फाइंड अटॅच्ड) आहे.

शोधाकडून मात्र चमत्काराची अपेक्षा नको. 'दिवाळी' शोधलं तर 'दीवाळी' लिहिणारे लेखक सापडत नाहीत, आणि असे आहेत! 'सुऱ्या'मधला ऱ्या तर दोन-तीन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना तो एकच, कॉम्प्युटरला वेगवेगळा. म्हणून मी विषयापेक्षा पाठवणाऱ्याच्या नावाने शोधतो.

तुमच्या फोनवर काही बदलावं लागणार नाही, तिथे मेल आहेत तसेच दिसतील. रविवारी लॅपटॉप घेऊन या. खातं जोडताना जीमेल लॉगिन करायला लावतं, तेव्हा फोन आणि पासवर्ड जवळ असू द्या. आणि तोवर काहीही पुसू नका.