नाथसागरावर अदलाबदली: लेन्स दाजींची, बॉडी माझी

माझ्याकडं सोनीचा ए६४०० कॅमेरा आहे आणि त्यावर ७०-३५० मिलिमीटरची लेन्स. दोन्ही २०१९ सालची मॉडेल्स, मिळून वजन किलोच्या थोडं वर, त्यामुळं बाइकवर गळ्यात अडकवून बीडच्या आजूबाजूचे माळ हिंडायला यापेक्षा सोयीचं काही नाही असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. पण दिवाळीपासून डोक्यात किडा वळवळायला लागला होता. पक्षी ओळखून थेट त्याच्या डोळ्यावर फोकस लावणारे कॅमेरे आता हौशी माणसाच्या बजेटच्या आसपास आलेत, कॅननचा आर७ २०२२ ला, सोनीचाच ए६७०० २०२३ ला, निकॉनचा झेड५० टू २०२४ च्या शेवटी, आणि रात्री झोपायच्या आधी त्यांचे व्हिडिओ बघून बघून असं वाटायला लागलं की आपण सोडून सगळ्या जगाला उडते पक्षी मिळायलेत. जुन्या जाणत्या लोकांना विचारलं तर सगळे एकच सांगणार, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, राहू दे, लेन्स घे, लांबचा पक्षी मोठा दाखवणारी २००-६०० घे. आता दोन्हीपैकी काहीही घ्यायचं म्हणलं तरी खर्च लाखाच्या वर, दोन्ही एकदम घ्यायची माझी ऐपत नाही, आणि ह्यात चूक झाली तर घरात पुढची काही वर्षं ऐकून घ्यावं लागणार.

तर आमच्या दाजींकडं दोन्ही आहे. ए६७०० पण आणि २००-६०० पण. दाजी संभाजीनगरला असतात, त्यांनीच फोन केला की जानेवारी चाललाय, नाथसागरावर बदकं उतरलीत, ये पैठणला, हुरडा पण खाऊ. मी म्हणलं दाजी येतो, पण एका अटीवर, लेन्सांची अदलाबदली करायची. माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, एकच असल्यामुळं माझी लेन्स त्यांच्या बॉडीवर आणि त्यांची माझ्या बॉडीवर आरामात बसते, म्हणजे नवी बॉडी जास्त कामाची का मोठी लेन्स हे एकाच दिवशी, एकाच जागी, त्याच पक्ष्यांवर बघता येणार. दाजी हसले, म्हणले घेऊन टाक की दोन्ही. सरकारी नोकरीवाल्या माणसाचं बरं असतं.

बीडहून अंधारातच निघालो. गेवराई, मग शहागडचा गोदावरीचा पूल, पुलावर एवढं धुकं की समोरच्या उसाच्या ट्रॉलीचा लाल दिवा सोडून काही दिसेना, पुढं पाचोडला चहा मारला आणि डावीकडं पैठणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला मोसंबीच्या बागा, मधी मधी शाळूची पिवळट हिरवी रानं. दाजी माझ्या आधी पोचून पिंपळवाडीच्या अलीकडं गाडी लावून उभे, हातात ताईनं दिलेले धपाटे आणि दह्याचा डबा. फोटो नंतर, आधी धपाटे, ह्या बाबतीत आमच्या दोघांचं कधीच भांडण नसतं.

ज्यांनी जायकवाडी धरण फक्त दरवाजे उघडल्याच्या बातम्यांत बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, दहा किलोमीटरच्या आसपास लांब मातीचा बांध, २७ दरवाजे, आणि मागं साठलेलं पाणी म्हणजे नाथसागर. १९८६ ला ह्याला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं, क्षेत्र ३४० चौरस किलोमीटरच्या घरात. ह्यातली फोटोवाल्यानं लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पाणी उथळ आणि पसरट आहे. पाणी ओसरत जातं तसा गाळ उघडा पडतो, शेतकरी त्या गाळपेर जमिनीत पिकं घेतात आणि चिखलाच्या कडेला रोहित आणि बारके चिखलपक्षी उतरतात, तेव्हा काठावर बसूनसुद्धा बरं काही मिळतं. पण धरण भरलेलं असलं की चिखल पाण्याखाली, काठ शेताला टेकलेला आणि बदकं पार मधी. आम्ही गेलो तेव्हा धरण चांगलं भरलेलं होतं. शेतकऱ्याला आनंद, आम्हाला लांबूनच रामराम.

पहिला नंबर पट्टकादंबांचा, म्हणजे आपले डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले बार हेडेड गूज, हिमालय ओलांडून येणारे. काठापासून दोन-तीनशे मीटरवर बसलेले, त्यांच्यापलीकडं चक्रवाकांच्या भगव्या जोड्या, तलवार बदकं, आणि काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी नावाचे पाणपक्षी तर मोजायची सोयच नाही. सूर्य नुकताच वर आलेला, हवा गार. माझ्या जुन्या बॉडीवर दाजींची २००-६०० लावली आणि पहिल्याच फोटोला मानेवरचे पट्टे, चोचीचं काळं टोक, सगळं स्वच्छ. तिकडं दाजी नव्या बॉडीवर माझी ३५० लावून तेच पक्षी टिपायलेत आणि स्क्रीन मोठी करून बघायलेत तर कादंब आहे एवढं कळतंय, त्यापुढं काही नाही.

आणि हे गणितानं आधीच कळायला पाहिजे होतं खरं तर. ३५० वरून ६०० ला गेलं की पक्षी लांबीत १.७ पट मोठा येतो, म्हणजे फोटोत जवळजवळ तिप्पट जागा व्यापतो. बॉडी बदलून मात्र २४ मेगापिक्सेलचे २६ होतात, सेन्सरचा आकार तोच, म्हणजे पक्षी आहे तेवढाच. स्पीडसुद्धा दोन्ही बॉड्यांचा सेकंदाला ११ फोटो. लांब टोकाला दोन्ही लेन्सांचं उजेड आत घ्यायचं भोक एफ ६.३, म्हणजे उजेडातही फरक नाही. नवीन बॉडीत आत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळून घ्यायची सोय आहे, जुन्यात नाही, ह्याचं लोकांना फार कौतुक, पण उडता पक्षी १/२००० सेकंदाच्या शटरला टिपायचा असतो, तिथं हात हलल्यानं फोटो बिघडत नाही, आणि बसलेल्या पक्ष्यासाठी लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आहेच की. तर लांबच्या पाण्यावर लेन्स जिंकली, वादच नाही. मी मनातल्या मनात लेन्सचा हप्ता पण बसवून टाकला.

पण नऊ-सव्वानऊ झाले आणि ऊन तापायला लागलं. थंडीत हवा गार आणि जमीन-पाण्याची कड तापलेली असली की मधल्या हवेत थर पडतात, उजेड वेडावाकडा वळत येतो, आणि तीनशे मीटरवरचा पक्षी फोटोत पाघळल्यासारखा दिसतो. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर कादंब अख्खे लहरायलेत. फोकस बरोबर, शटर बरोबर, फोटो मऊ. दाजींचे पण मऊ, माझे पण मऊ, फक्त माझे मोठे मऊ. ह्याला कुठली बॉडी नाही आणि कुठली लेन्स नाही, एक तर सूर्य उगवायच्या वेळी जा किंवा पक्ष्याच्या जवळ जा. म्हणजे एवढी मोठी लेन्स घेतली तरी नाथसागरावर ती सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक तास कमवून देणार.

मधे एक गंमत झाली. दाजींचा कॅमेरा पक्षी सोडून भलतीकडंच जायचा. थर्माकोलच्या तराफ्यावर एक मासेमार मामा जाळं ओढत होते, समोर कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत उभा, आणि फोकसचा चौकोन जाऊन मामांच्या तोंडावर बसायचा. दाजी म्हणायले, "अरे हे काय करायलंय बघ जरा." बघितलं तर मेनूत 'माणूस' निवडलेलं, आदल्या रविवारी कुणाच्या तरी बारशाचे फोटो काढले होते. ह्या कॅमेऱ्यात माणूस, प्राणी, पक्षी, किडा, गाडी, विमान असं आधी सांगावं लागतं, तो आपल्या मनचं ओळखत नाही. मामा तराफ्यावरूनच ओरडले, "काय काढायलाव रं, माझा फोटो का पाखराचा?" दाजी म्हणले दोन्ही.

त्या कवड्या खंड्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बॉड्या सारख्याच निघाल्या. मागं मोकळं आभाळ असलं की जुन्या ए६४०० चं साधं ट्रॅकिंगसुद्धा चिकटून राहतं, गोंधळायला मागं काही नसतंच. सूर मारून पाण्यात घुसायचा क्षण दोघांनाही मिळाला नाही, कारण तिथं आपलं बोट कमी पडतं. आर७ आणि झेड५० टू मध्ये बटण दाबायच्या आधीचे अर्धा-एक सेकंदाचे फोटो साठवून ठेवायची सोय आहे, ए६७०० मध्ये ती नाही. हे ऐकून मला पाच मिनिटं कंपनीच बदलावी वाटली, मग लेन्स, बॅटऱ्या, चार्जर सगळं नव्यानं घ्यायचा हिशोब केला आणि गप्प बसलो.

खरी परीक्षा दुपारनंतर झाली, पाण्यावर नाही, शेतात. दाजींच्या चुलत भावाच्या रानात हुरड्याची आगटी पेटवली होती, शेणीवर भाजलेली कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हातावर चोळून हुरडा खाता खाता दाजींनी कोपर मारलं, बांधाच्या कडेनं एक पांढुरका भोवत्या, म्हणजे शेतावरून खालून उडणारा शिकारी पक्षी, येत होता. नर. राखाडी-पांढरा, पंखांची टोकं काळी, शाळूच्या कणसांच्या जेमतेम वर तरंगत, एकदा डावीकडं कलला, एकदा उजवीकडं. मी चटणीच्या हातानंच कॅमेरा उचलला. जुनी बॉडी, सहाशेची लेन्स, आणि फोकस मागच्या कणसांवर. सोडून परत पकडला, परत कणसं. प्राण्यांच्या डोळ्यावरचा फोकस ए६४०० ला २०१९ मध्येच अपडेटनं आला होता, पण तो कुत्र्या-मांजरांसारख्या जनावरांसाठी, पक्ष्यासाठी नाही, तर त्याला कसं कळणार की ह्या हजार कणसांतलं नेमकं कुठलं उडायलंय. शिवाय सहाशेवर एवढा जवळ आलेला पक्षी फ्रेममध्ये ठेवणंच मुश्किल, अडीच किलोचा ऐवज हातात, मान मोडायची वेळ.

दाजी तोपर्यंत शांतपणे माझी ३५० लावलेली बॉडी फिरवत होते. भोवत्या शाळूवरून हरभऱ्यावर गेला, हरभऱ्यावरून बाभळीच्या मागं, बाभळीतून परत बाहेर, आणि चौकोन त्याच्या डोक्यावर. नंतर लॅपटॉपवर बघितलं तर त्या फेरीतले दाजींचे निम्म्याहून जास्त फोटो ठेवण्यासारखे आणि माझ्याकडं शाळूच्या कणसांचा सुंदर अल्बम, कृषी विभागाला देता येईल असा.

थोड्या वेळानं भोरड्या, म्हणजे पळसमैना, आल्या. ज्यांच्या घरी शाळू आहे त्यांना सांगायला नको, हजारोंनी येतात आणि पिकावर बसल्या की पोरं गोफण घेऊन पळत सुटतात. अख्खा थवा एकदम वळला की आभाळात काळं कापड झटकल्यासारखं दिसतं. ते टिपायला ७० मिलिमीटरसुद्धा जास्त होत होतं, दोनशेच्या खाली न येणारी दाजींची लेन्स मी सरळ गोधडीवर ठेवली आणि मोबाइल काढला.

परत येताना शहागडपर्यंत डोक्यात हेच चाललं होतं. लेन्स घ्या म्हणणारे चूक नाहीत, त्यांचे पक्षी तळ्यावर असतात. पण माझं तसं नाही. माझं वर्ष जातं बीडच्या माळांवर आणि बांधांवर, धाविक, चंडोल, पखुर्ड्या, थंडीत भोवत्ये, कधी नायगावला मोर, आणि मोर ३५० मध्येसुद्धा मावत नाही. माळावर बाइक बंद करून बसून राहिलं की धाविक स्वतःच जवळून पळत जातो, लांबीची अडचण येत नाही, अडचण येते ती मातीच्या रंगाचा पक्षी मातीवरून उडताना. आणि दोन किलो शंभर ग्रॅमची लेन्स बाइकवर खड्ड्यांतून रोज कोण नेणार, चार दिवस नेईन, पाचव्या दिवशी ती कपाटात. तळ्यावर जायची वेळ वर्षातून मोजक्या वेळा येते आणि तेव्हा दाजींची लेन्स आहेच, ते नाही म्हणणार नाहीत, ताई म्हणू देणार नाही.

त्यामुळं बॉडी घेतोय. पाडव्याच्या आसपास, हरभरा विकला की, आणि नवी नाही, कुणीतरी वर्षभर वापरलेली बघतोय. बॅटरीचं एक सुख वेगळंच मिळणार, जुन्याची बॅटरी बारकी, थंडीत सकाळी तीन घेऊन निघावं लागतं, नवीन मोठी बॅटरी कागदावर साडेपाचशेच्या आसपास फोटो देते आणि दाजींची त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच चालली.

बजेटमध्ये एक भोक मात्र आधीच पडलंय. जुना ए६४०० विकून थोडे पैसे उभे करायचे असा हिशोब होता. दाजींनी काल फोन केला, म्हणले तुझी भाची कॅमेरा मागायलीय, जुना विकणार असशील तर आम्हीच घेतो, सांग किती द्यायचे. आता भाचीकडून मामानं पैसे घ्यायचे म्हणजे ताई, आई आणि पाठोपाठ अख्खं भावकीतलं बायकामंडळ माझ्यावर येणार. मी म्हणलं दाजी, बघू, सांगतो.