तुम्ही विचारलंत म्हणून: लढाई नाही, मग सराव कसला?

"काका, आपलं कुणाशी युद्ध चालू नाही. मग तुम्ही लोक परदेशी जहाजांबरोबर महिनोन्महिने समुद्रात करता तरी काय?"

नौदलातून परत आल्यापासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकलाय, याची मोजदाद नाही. चहाच्या टपरीवर ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला, भरतीची तयारी करणारी पोरं तर दर आठवड्याला विचारतात. परवा शेजारच्या टॉवेल कारखानदारांनी विचारला, आणि तोही जरा चिडूनच. "एवढं डिझेल जाळून दुसऱ्यांच्या जहाजाशेजारी उभं राहून फोटो काढायचे, त्यापेक्षा आमच्या सोलापूरला रोज पाणी द्या म्हणावं." त्यांचा राग मला कळतो. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी यायची सवय झालेल्या गावानं समुद्रावरच्या खर्चाचा हिशेब मागितला, तर त्यात चूक काय? तेव्हा हिशेब देतो.

मी नौदलात वीस वर्षं काढली, बहुतेक सगळी डेकवर. सीमन, म्हणजे साधा खलाशी म्हणून लागलो, पेटी ऑफिसर या हुद्द्यावरून बाहेर पडलो. माझं काम दोरांचं, नांगराचं, होड्यांचं. क्षेपणास्त्रं नि पाणबुड्यांबद्दल मी बोलत नाही. ते माझं खातं नव्हतं, आणि त्यातलं बरंचसं बोलायचंही नसतं. दोराबद्दल मात्र हक्कानं बोलू शकतो.

बंदरापासून लांब गेलेल्या जहाजाचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तेल. ते दर वेळी बंदरात जाऊन भरायचं म्हटलं तर गस्तीचे दिवस येण्याजाण्यातच संपतील. म्हणून चालत्या जहाजातून चालत्या जहाजात तेल घेतात. आम्ही त्याला रॅस म्हणायचो, 'रिप्लेनिशमेंट ॲट सी'चं छोटं रूप. तेलवाहू जहाज एक दिशा आणि एक वेग धरून सरळ चालत राहतं. वेग साधारण 12 नॉट, म्हणजे ताशी 22 किलोमीटरच्या आसपास. आपली युद्धनौका मागून येते आणि त्याच्या बगलेला 40-50 मीटरवर तोच वेग धरते. पोहण्याच्या मोठ्या तलावाच्या लांबीएवढं अंतर, आणि दोन्ही बाजूंना हजारो टन लोखंड. मधल्या चिंचोळ्या पट्टीत पाणी जोरात पळतं, तिथला दाब उतरतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जाऊ शकतात. त्यामुळे सुकाणूवरचा माणूस अर्ध्या-अर्ध्या अंशानं दिशा सांभाळत असतो. तेवढा वेळ त्याच्याशी कुणी कामाशिवाय बोलत नाही.

आधी बंदुकीनं एक बारीक दोरी पलीकडे मारतात. तिच्या मागून जाड दोर, जाड दोरामागून पोलादी तार, आणि त्या तारेवरून लोंबकळत येतो तेलाचा पाइप. त्याचं तोंड आमच्या डेकवरच्या नरसाळ्यासारख्या भांड्यात खट्कन बसलं की सगळ्यांचा श्वास मोकळा होतो. याशिवाय दोन्ही जहाजांमध्ये आणखी एक दोर असतो, नुसता अंतर मोजायचा. त्यावर ठरावीक अंतरांवर रंगीत झेंडे लावलेले, रात्री त्यांच्या जागी दिवे. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, कप्तान त्याच्याकडे बघून जहाज जवळ आलं की लांब गेलं ते ठरवतो. हा दोर आमच्या बाजूला बांधायचा नसतो, तो माणसांनीच हातात धरायचा.

तो दोर मी कित्येक वर्षं धरला. ढिला सोडला तर मधे झोळ पडून पाण्यात लोळतो आणि अंतर खोटं दिसतं. जास्त ओढला तर लाटेसरशी हातातून निसटतो. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागावर होते. ताण्याचा धागा बोटानं नुसता दाबून, न बघता, ते सांगायचे की हा ढिला आहे, हा तुटणार. लहानपणी मी शेजारी बसून तेच करून बघायचो, मला काही कळायचं नाही. अरबी समुद्रात भिजलेल्या हातमोज्यांत तो दोर पहिल्यांदा धरला, तेव्हा वडिलांच्या बोटाला काय कळत होतं ते मला कळलं.

हे झालं आपलं जहाज आणि आपलाच टँकर असताना. आता पलीकडचा टँकर दुसऱ्या देशाचा आहे असं धरा.

एका संयुक्त सरावाची गोष्ट सांगतो. देश आणि साल सांगत नाही. सरावाचे दोन भाग असतात, आधी बंदरातला, मग समुद्रातला. बंदरातल्या भागाचे फोटो पेपरात येतात: बँड, हार, व्हॉलीबॉलचा सामना. पण त्याच दिवसांत एका खोलीत दोन्हीकडचे डेकवाले समोरासमोर बसलेले असतात, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. आम्ही असेच बसलो होतो. टँकरवरचा त्यांचा माणूस माझ्याच हुद्द्याचा, हात माझ्यासारखेच खरबरीत. आम्ही मीटरमध्ये बोलायचो, तो फुटांत. आम्ही पाइपातला दाब एका मापात सांगायचो, तो दुसऱ्याच. ते सगळं कागदावर जुळवलं. मग एकमेकांचा आवाज ऐकायचा म्हणून फोनवर आकडे म्हणून बघितले. त्यानं 'फिफ्टी' म्हटलं, मी 'फिफ्टीन' लिहिलं. परत म्हटलं, परत तेच. पन्नास आणि पंधरा! दोन जहाजांमधलं अंतर सांगताना ही चूक झाली तर काय होईल, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याचा चेहरा उतरला, माझाही उतरला असणार. आकडा सुटा करून बोलायचा, 'फाइव्ह झीरो', 'वन फाइव्ह', हा नियम दोघांनाही पहिल्या वर्षापासून पाठ होता. तरीसुद्धा ओळखीच्या माणसांशी बोलून बोलून जीभ सैलावली होती. त्या दुपारी आम्ही तासभर नुसते आकडे म्हणत बसलो.

तीन दिवसांनी मध्यरात्री त्याच टँकरच्या बगलेला गेलो. चंद्र नव्हता, समुद्र खवळलेला नसला तरी शांतही नव्हता. कानाला लावलेल्या फोनमधून त्याचा आवाज आला, "फाइव्ह झीरो... फोर फाइव्ह... फोर झीरो..." एकेक आकडा सुटा. आमच्या ब्रिजनं जहाज जरासं बाहेर घेतलं आणि आकडे पुन्हा वर चढले. पाइप आला, बसला, तेल सुरू झालं. त्या माणसाचं घर कुठल्या गावात, त्याला मुलं किती, मला काही माहीत नव्हतं. पण अंधारात त्याच्या तोंडच्या आकड्यावर मी माझी अख्खी टोळी उभी केली होती. सराव कशाला, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच आहे. ही ओळख संकट आल्यावर करून घेता येत नाही.

दोर झटपट सोडवून लांब व्हायचाही सराव करतात, सगळ्यात जास्त वेळा तोच. एखाद्याचं इंजिन बंद पडलं, सुकाणू अडकलं, तर पाइपासकट सगळं काही मिनिटांत सुटलं पाहिजे.

आता हे 'मित्र' कोण, हा पुढचा प्रश्न असतोच. अमेरिका आपली की रशिया? आपण कुणाच्याही लष्करी गटात नाही, आणि सराव दोघांबरोबरही करतो. अमेरिकेबरोबरचा 'मलबार' 1992 मध्ये सुरू झाला, 2015 पासून जपान त्यात कायमचा आला, 2020 मध्ये ऑस्ट्रेलिया. रशियाबरोबर 2003 पासून 'इंद्र' आहे. फ्रान्सबरोबरच्या सरावाला 2001 मध्ये 'वरुण' हे नाव मिळालं. सिंगापूरबरोबर 1994 पासून सराव चालू आहे. ब्रिटनबरोबर 2004 पासून जो सराव होतो त्याचं नाव 'कोकण', हे सांगितलं की आपल्याकडच्या माणसांचे चेहरे खुलतात. आणि 1995 मध्ये अंदमानात चार परदेशी नौदलांना बोलावून 'मिलन' सुरू केलं, त्याला 2024 मध्ये विशाखापट्टणमला पन्नासच्या आसपास देश आले.

राजकारण बिघडलं की हे थांबतंही. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर 'मलबार' बंद पडला तो 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. चार वर्षांत जहाजावरची माणसं बदलतात, म्हणजे आकड्यांची उजळणी पुन्हा पहिल्यापासून.

सगळे सराव सारख्याच मोलाचे असतात असं मी म्हणणार नाही. दोन जहाजं रांगेत चालली, झेंडे दाखवले, सलामी दिली आणि संपलं, असेही काही तास मी बघितलेत. शेजाऱ्यांचा फोटोवरचा राग तेवढ्यापुरता खरा आहे. पण जिथं दोर पलीकडे जातो, एकाचं हेलिकॉप्टर दुसऱ्याच्या डेकवर उतरतं, तिथं काम होतं.

आणि ते कामाला येतं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली, तेव्हा स्वतःचे किनारे उद्ध्वस्त झालेले असताना आपली जहाजं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे निघाली, आणि भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया या चौघांनी मिळून मदतीची आखणी केली. एडनच्या आखातात चाच्यांना आवरायला 2008 पासून आपली गस्त आहे. तिथं व्यापारी जहाजांना सोबत करणाऱ्या ताफ्यांची वेळापत्रकं भारत, चीन आणि जपाननं 2012 पासून एकमेकांशी जुळवून घेतली. हो, चीनसुद्धा. 2015 मध्ये येमेनमध्ये लढाई पेटली तेव्हा आपल्या नौदलानं आणि हवाई दलानं आपल्या माणसांबरोबर 41 देशांच्या नागरिकांनाही बाहेर काढलं. मी निवृत्त झाल्यावर, सप्टेंबर 2020 मध्ये, अरबी समुद्रात 'आयएनएस तलवार'नं अमेरिकेच्या 'युकॉन' या टँकरकडून तेल घेतलं. पेपरात चार ओळींची बातमी होती. मी ती दोनदा वाचली. दोर कुणी धरला असेल, तेच डोळ्यांसमोर येत होतं.

शेजाऱ्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना फक्त विचारलं, "डिसेंबर 2023 ची आठवण आहे का?" लगेच आठवलं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते, न्हावा शेवाहून युरोपला निघालेले त्यांचे टॉवेलचे दोन कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, दहा-बारा दिवस जास्त लागले, भाडं चढलं. त्याच हिवाळ्यात सोमाली चाच्यांनी 'रुएन' नावाचं जहाज पळवलं. झेंडा माल्टाचा, मालकी बल्गेरियाची, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर 'आयएनएस कोलकाता'नं ते अडवलं आणि मार्च 2024 मध्ये 17 खलाशी सुखरूप सोडवले, 35 चाचे शरण आले. "तुमचे कंटेनर याच पाण्यातून जातात," मी म्हणालो. ते गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तरीपण पाणी रोज यायला पाहिजे." यायलाच पाहिजे. त्यात माझा काही वाद नाही.

पोरांना मात्र मी नंदीध्वजांचं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या उंच, जड काठ्यांचं सांगतो. या गड्ड्याच्या यात्रेत सातही काठ्या डौलात निघतात ते सगळं गाव बघतं. यात्रेआधी कित्येक दिवस त्या पेलायचा सराव चालतो, तो बघायला किती जण जातात? मी जातो. भार एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, तो क्षण बघायला जातो.

रविवारी सकाळी मैदानावर मी पोरांना दोर फेकायला शिकवतो. टोकाला मुठीएवढी गाठ, अर्धी वेटोळी फेकणाऱ्या हातात, अर्धी दुसऱ्या हातात मोकळी. समोर 25 पावलांवर दुसरा पोरगा उभा. तो या फेकणाऱ्याच्या तालमीचा नाही, गल्लीचाही नाही, हे मी मुद्दाम बघतो. या रविवारी पहिल्या पोराची गाठ पाच पावलं अलीकडेच पडली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघ. वारा कुठून येतोय ते त्याला विचार." तो ओरडला. पलीकडच्यानं हात वर करून वारा दाखवला आणि एक पाऊल डावीकडे सरकला. ह्यानं दोर पुन्हा गोळा करायला घेतला.