आधी टायमिंग, मग मिक्श्चर: शहाद्यात जुनी बुलेट मार्गी लावताना

मामांकडून आलेली कास्ट आयर्न बुलेट 350 चालू व्हायची, पण अंगात दम नव्हता. किक उलटी मारायची, पाय सुन्न करून टाकायची. चढाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन खडखडायचं आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. आधीच्या गॅरेजात दर वेळी कार्बोरेटर साफ व्हायचा, एअर स्क्रू थोडा इकडे-तिकडे फिरायचा आणि आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी शहाद्यातल्या एका जुन्या मिस्तरींनी गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, पहिले पॉइंट देख, मंग कार्बोरेटरले हात लाव."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पॉइंट म्हणजे ठिणगीचा स्विच: तो उघडला की प्लगवर ठिणगी पडते, आणि ती नेमकी कधी पडते ते टायमिंग. पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही, पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. ती फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच दणका बसतो, म्हणजेच उलटी किक आणि नॉकिंगची खडखड. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, सायलेन्सरचा बेंड तापतो. अशा इंजिनावर मिक्श्चर जुळवणं म्हणजे वाकड्या पाटावर रांगोळी काढणं.

इंजिन थंड असताना टॅपेटची फट पाहिली: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मग फिलर गेज घेऊन पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटरमध्ये आणली. गॅप टायमिंगच्या आधीच करायची, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग इथून पुढचा. प्लग काढला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणला. माझ्या मॉडेलला पॉइंट उघडायची जागा पिस्टन माथ्यावर पोहोचायच्या 0.8 मिलिमीटर आधी. 90 मिलिमीटरच्या स्ट्रोकला हे क्रँकचे साधारण 10 अंश होतात. बाकीचं अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडणं, वेग वाढला की ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं साधतात. पिस्टन त्या जागी धरून चावी चालू केली. पॉइंट जोडलेला असला की हेडलाइटवरच्या अँमीटरचा काटा डावीकडे झुकतो. सिलिंडरमागच्या डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून तो केसभर फिरवत राहायचं. काटा टकन मध्यावर आला की पॉइंट उघडला, तिथेच क्लॅम्प आवळायचा. माझं टायमिंग बरंच पुढे नेऊन ठेवलेलं निघालं. ते जागेवर आल्यावर किक मऊ लागली आणि खडखड बरीचशी गेली.

बरीचशी, पूर्ण नाही. प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मॅनिफोल्डजवळ कुठून हवा ओढली जात नाही ना, हे आधी तपासून घेतलं. उरलेलं कारण पेट्रोलमध्ये होतं. निव्वळ पेट्रोलला 1 भागाला 14.7 भाग हवा लागते, वजनाने. आज पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5 पुरते, कारण इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येतं. जुन्या काळच्या जेटिंगवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रांच्या मापांवर, ही गाडी आज उपाशीच चालणार.

थ्रॉटलच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. मिश्रण कोण ठरवतं ते थ्रॉटलवर अवलंबून: आयडलजवळ पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण थ्रॉटलला नीडल (जेटमध्ये वर-खाली होणारी सुई), त्यापुढे मेन जेट. माझी खडखड अर्ध्या थ्रॉटलला होती, म्हणून फक्त नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली. त्याने नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच बदल, मग सरळ रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलने पळवून क्लच दाबायचा, चावी बंद करायची आणि प्लग बघायचा. प्लग फिकट तपकिरी आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

टर्बो नसलेलं इंजिन भोवती असेल तीच हवा ओढतं. आमच्याकडे मे महिन्यातल्या 45 अंशांत हवा पातळ असते. थंडीतल्या 15 अंशांच्या सकाळी तीच साधारण 10 टक्के दाट होते. उन्हाळ्यात जुळवलेली गाडी तेव्हा लीन वाटते, मग एअर स्क्रू थोडा आत घ्यावा लागतो. तोरणमाळला वर गेल्यावर उलटं, हवा विरळ झाल्याने मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि गाडी किंचित जड बोलते. तेवढ्यासाठी मी क्लिपला हात लावत नाही, खाली उतरलं की ती पुन्हा ठीक होते.

फटाके अजून अधूनमधून येतात. सायलेन्सरच्या जोडाला काजळी दिसते आहे, तिथून हवा शिरत असणार. तो जोड आणि ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या सैल झालेल्या स्प्रिंगा, ही पुढची कामं.