कात्रज तलावाची प्रतिकृती : तिसरा टप्पा

मागील दोन टप्प्यांत दोन्ही तलावांच्या भिंती उभ्या करून झाल्या होत्या. या रविवारी प्रथमच पाणी सोडले आणि उच्छ्वासाविषयीची, म्हणजे पाण्याच्या नळावर जागोजागी वर उघडणाऱ्या बांधीव झरोक्यांविषयीची, माझी समजूत मला बदलावी लागली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास, तेव्हा निव्वळ खेडे असलेल्या कात्रजला वरच्या व खालच्या अशा दोन तलावांत पाणी अडवले आणि माणूस आत चालू शकेल एवढ्या बांधीव नळातून ते सुमारे 8 किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत केवळ उताराच्या बळावर नेले. पुढे खडकवासल्याचे पाणी आल्यावर पुणे शहराची या तलावांवरील भिस्त संपली. आज खालच्या तलावाच्या काठी प्राणिसंग्रहालय आहे.

एवढा लांब नळ मेजावर मावणे शक्य नसल्याने मी दोन तलाव, गाळ बसवण्याचा एक हौद आणि तीन फूट नळ एवढाच भाग घेतला असून, उतार दिसावा म्हणून तो मुद्दाम वाढवला आहे. प्रमाणाच्या बाबतीत काटेकोर असणारे नाराज होतील, याची कल्पना आहे.

पाण्यात मूठभर लाल माती कालवून ते वरच्या तलावात ओतले. अर्ध्या तासाने तळाशी विटकरी साय जमली आणि सांडव्यावरून खालच्या तलावात उतरणारे पाणी पुष्कळ निवळ दिसू लागले. वरचा तलाव गाळ अडवण्यासाठी, हे वाचनात आले होते. पण डोळ्यांनी पाहण्यात निराळी गोडी आहे.

अडचण नळात आली. आत काय घडते ते दिसावे म्हणून बांधीव नळाऐवजी पारदर्शक नळी घातली होती, आणि ती मध्येच किंचित वर उचलली गेल्याने तेथे हवेचा बुडबुडा अडकून प्रवाह जवळजवळ थांबला. नळी हलवण्याऐवजी त्या उंचवट्यावर सुईने छिद्र पाडताच हवा फुस्सकन निघून गेली आणि पाणी पुन्हा वाहू लागले. मार्गावर ठिकठिकाणी बांधलेले उच्छ्वास मला आजवर केवळ आत उतरून साफसफाई करण्याच्या सोयीचे वाटत होते. कोंडलेल्या हवेला वाट देणे हे काम मी फारसे मनावर घेतले नव्हते.

खालच्या भिंतीतून मात्र पाझर आहे. चुन्याऐवजी प्लास्टर वापरण्याचा आळस नडला. भिंत उतरवली असून चुना भिजत घातला आहे.