डावऱ्या हाताचं पेन

"हे डावऱ्या माणसाचं पेन आहे," असं पेनवाले काका म्हणाले आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. संध्याकाळी राम मारुती रोडवरून चालत आले, दोन दुकानांत थांबले, काय घ्यायचं होतं तेच आठवेना. भाजी न घेताच घरी आले. आता सगळे झोपलेत आणि आत्याचं पेन समोर आहे.

डावरी? आत्या?

काम तसं साधंच होतं. तिच्यामागे हे पार्कर 51 मी धुऊन-पुसून डब्यात ठेवून दिलं होतं. काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. या पावसाळ्यात पहिल्यांदा शाई भरली. उभी रेघ छान उतरते, पण शिरोरेघ ओढायला गेलं की टोक कागदात अडकतं, बारीक खरखर होते. म्हणून जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्याकडे गेले. जिन्याखालची जागा, एक ट्यूबलाइट, मोडकी पेनं भरलेले बिस्किटांचे डबे. त्यांनी टोपण काढलं, भिंग डोळ्यात अडकवलं आणि पेन बोटांत हळूहळू फिरवत राहिले. बराच वेळ बोललेच नाहीत.

निबेच्या अगदी टोकाला कठीण धातूचा एक दाणा बसवलेला असतो. त्याला आपण सगळे इरिडियम म्हणतो, हल्ली तो बहुधा दुसऱ्याच धातूंच्या मिश्रणाचा असतो. तो सहजासहजी झिजत नाही, पण वर्षानुवर्षं रोज लिहिलं तर जिथे कागदाला टेकतो तिथे सपाट होतो. लिहिणारा पेन किती कलतं धरायचा, कोणत्या बाजूला वळवायचा, ते सगळं त्या सपाट जागेत उतरतं. हे मी वाचलेलं होतं, दुसऱ्यांना सांगितलेलंही होतं. काकांनी भिंग माझ्याकडे दिलं. दाण्याची एक कड तिरकी झिजून चकाकत होती आणि ती माझ्या हाताच्या उलट्या बाजूला होती. इतकी स्पष्ट, की एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"तुमच्या हाताला टोचणारच हे, ताई. घासून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे."

मी राहू दे म्हणाले. त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

तलावपाळीच्या कठड्यावर बसून बाबांना फोन लावला. आत्या डावरी होती का? "छे, काहीतरीच काय! उजव्याच हाताने लिहायची. बँकेत सह्या कोण करायचं मग?" आणि जरा थांबून म्हणाले, "लहानपणी अप्पा तिचा हात बांधून ठेवायचे, ते वेगळं." ते वेगळं! पुढे लगेच महावितरणच्या बिलावर आले. या महिन्यात जास्त आलंय म्हणे. मी हो हो करत राहिले.

हात बांधून ठेवायचे. कशाने बांधायचे, किती वेळ, तेव्हा ती केवढी होती, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

मला खरा त्रास कशाचा होतोय ते नीट लिहून बघते. कुणीही विचारलं की ही एवढी पेनं कशासाठी, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्यामुळे. आणि ते खरं आहे. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईपेन. ते पहिलं पेन मला तिने भरून दिलं. ड्रॉपरमध्ये शाई कुठपर्यंत ओढायची, नळीत सोडताना ड्रॉपर कडेला टेकवायचा म्हणजे बुडबुडा होत नाही, आटे लावताना जोर करायचा नाही. निबेच्या चिरेत कचरा अडकला तर ब्लेडचं पातं अलगद फिरवायचं. वर्गात सांडलं तर खडू टेकवायचा, तो शाई पितो. शाईचे थेंब उसने देणं-घेणं, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टांवर शाई उडवणं, हे आमच्या वयाच्या सगळ्यांचंच असेल. पण पेन लिहितं कसं ते मला फक्त तिनेच सांगितलं. शाई चिरेतून आपोआप पुढे येते, निबेखालच्या जिभेतून तेवढीच हवा मागे जाते, म्हणून दाबायचं नाही. पेनाचं वजन पेनालाच पेलू द्यायचं. आजही कुणाला पहिलं शाईपेन घेऊन देते तेव्हा हेच सांगते, याच शब्दांत.

तिचं पेन मात्र तिने कधी हातात दिलं नाही. पेन दुसऱ्याला द्यायचं नसतं, निब बिघडते. त्या पिढीत सगळेच हे म्हणायचे. मला ते तिच्या ड्रॉवरमध्ये दिसायचं: काळसर निळं अंग, स्टीलचं टोपण, बाणाची क्लिप, आणि निब जवळजवळ दिसतच नाही, नुसतं टोक चोचीसारखं बाहेर. दहावीला बाबांनी हिरोचं पेन आणून दिलं, सोनेरी टोपणाचं, आणि ते तिच्या पेनासारखंच दिसतं म्हणून मी वेडी झाले होते. शांघायच्या हिरोचं ते रूप पार्कर 51 वरून उचललेलं आहे हे कितीतरी वर्षांनी कळलं. कळल्यावर मला वाईट नाही वाटलं, उलट आनंद झाला. हिरोने आपल्याकडच्या किती मुलांना ते पेन परवडेल असं करून दिलं! बोर्डाचे सगळे पेपर मी त्यानेच लिहिले.

मग कॉलेज, नोकरी, बॉलपेनं, जेलपेनं, आणि पुढे पुढे तर नुसता कीबोर्डच. परत शाईपेनाकडे आले ते तिचं पेन घरी आल्यावर. ते उघडता येईना म्हणून वाचायला लागले आणि वाचता वाचता अडकले. पार्कर 51 1941 साली बाजारात आलं, नाव मात्र कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षावरून, म्हणजे 1939 वरून. निब झाकली ती टोकाची शाई वाळू नये म्हणून. 1948 पासून आत दाबून भरायची लवचीक नळी आली, आणि ती नळी अजून टिकते. माझ्या पेनाचं मागचं अंग काढलं की धातूच्या आवरणावर भरायची कृती कोरलेली आहे. अक्षरं इतकी बारीक की चष्मा लागतो. पट्टी दाबा, टोक पुसा. पहिल्यांदा दाबली तेव्हा वाटीतल्या पाण्यात निळा धूर सुटला. तिची शेवटची शाई आत वाळून बसलेली होती. ते पाणी मोरीत ओतवेना. कुंडीत ओतलं.

संग्रह असा सुरू होतो, निदान माझा तरी असा झाला. एका पेनाला समजून घ्यायला दुसरं घेतलं. राजमहेंद्रीचं रत्नम घेतलं कारण गांधीजींच्या स्वदेशीच्या काळातलं घराणं, आणि इबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हाताला कसं लागतं ते पाहायचं होतं. गरम तळव्यात थोडा वेळ धरलं की त्याला गंधकाचा किंचित वास येतो, मला तो फार आवडतो. जपानी पेन घेतलं कारण त्यांची बारीक निब युरोपातल्या बारीक निबेपेक्षाही बारीक असते, आणि आपल्या जोडाक्षरांना ती बरी: 'ष्ट' आणि 'क्ष' भरून जात नाहीत. शाई बहुतेक वेळा कॅमलची रॉयल ब्लू. दांडेकरांनी 1931 मध्ये घोडा छाप शाईपासून सुरुवात केली, उंट नंतरचा. परदेशी शायांच्या बाटल्या सुंदर असतात, माझ्याकडेही आहेत, पण आपल्या साध्या वहीच्या कागदावर त्यातल्या निम्म्या फुटतात, ही पसरत नाही. पावसाळ्यात तर फरक फारच कळतो.

आणि जुनी, वापरलेली पेनंही घेतली. एक लीव्हरचं शेफर, एक कुणा वकिलाच्या घरातून आलेलं पेलिकन. दोन्ही काकांकडून घासून, गुळगुळीत करून घेतली. तेव्हा कुणाचा हात पुसला जातोय असं मनात आलं नव्हतं, आणि आजही ते चुकलं असं मला वाटत नाही. पेन लिहितं ठेवायचं असतं, काचेत ठेवायचं नसतं. मग याच पेनाला का नाही?

कारण मला तिचा हात आठवत नाही.

हेच ते. तिची अक्षरं डोळे मिटून काढता येतील मला, 'श' चा तो लांब पाय, र्‍हस्व वेलांटी दीर्घाएवढी मोठी. तिचं ब्लॉटिंग पेपरचं पॅड आठवतं, मधल्या खोलीतलं टेबल आठवतं, बांगडी टेबलाला लागायची तो आवाज आठवतो. पण बांगडी कुठल्या हातातली? इतकी वर्षं तिच्याशेजारी बसून अभ्यास केला आणि ती कोणत्या हाताने लिहायची हे मला माहीत नाही. तिचं नाव सांगून जगाला पेनं दाखवत फिरते, आणि तिच्याबद्दलची सगळ्यात सरळ गोष्ट एका अनोळखी माणसाने भिंगातून पाहून सांगितली. तिच्या वह्या असत्या तर निदान ताडून पाहता आलं असतं. वह्यांचं काय झालं ते घरात कुणी बोलत नाही.

जेवणानंतर पेन डाव्या हातात धरून पाहिलं. काहीच कळलं नाही. माझ्या डाव्या हाताला लिहिता येत नाही, त्यामुळे सगळंच खरखरलं. नंतर कागद उजवीकडे कलता ठेवून पाहिला. डावऱ्या माणसांना शाईपेन अवघड जातं ते ओढण्याऐवजी ढकलावं लागतं म्हणून. देवनागरीत तर शिरोरेघ सबंध ढकलावी लागते, आणि वर ओल्या शाईवरून हात जाण्याची भीती. कागद कलता केला की हात ओळीच्या खाली राहतो. आत्याचं पॅड तिरकं असायचं? असायचं असं वाटतंय. पण आज ऐकल्यावर वाटतंय, काल कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं का?

शिवाय 51 ची एक गंमत आहे. निब झाकलेली, त्यामुळे पेन बोटांत थोडं वळलं तर डोळ्यांना कळत नाही. उजव्या हाताचा माणूसही आयुष्यभर ते वळवून धरू शकतो आणि दाणा भलत्याच बाजूने झिजू शकतो. काका अनुभवी आहेत, पण त्यांनी पेन पाहिलं, आत्याला नाही पाहिलं.

मला मात्र ती डावऱ्या हातानेच लिहायची असं हवं आहे. बँकेत उजवा, सह्यांना उजवा, हळदीकुंकवाला उजवा, आणि रात्री मधल्या खोलीत दार लोटून घेतल्यावर तिचा स्वतःचा. पेन कुणाच्या हातात न देण्याचं कारणही तेच होतं, असंही मघाशी मनात आलं. तेवढं ताणायला नको. सगळ्यांच्याच आत्या-मावश्या पेन देत नव्हत्या.

हे लिहिता लिहिता मन जरा खाली बसलं. हे पान मी त्याच पेनाने लिहिते आहे. अंगठ्याकडे किंचित वळवून धरलं की त्या झिजलेल्या जागेची कड चुकते आणि बऱ्यापैकी चालतं. बोटं दुखतात. दोन पानांनंतर अक्षर माझं राहत नाही, जरा मागे झुकतं. तरी चालेल. रोजच्या कामाला दुसरी पेनं आहेत, भरपूर आहेत. हे याच वहीपुरतं, आणि मी त्याच्या कलाने घ्यायचं. लग्नाच्या घरात नाही का, कुणीतरी एक असतं ज्याच्या कलाने सगळे घेतात आणि कुणी त्याला बदलायला जात नाही.

एक गोष्ट मात्र आत्ता लिहितानाच आठवली आणि मी उठून बसले. हे पेन आत्याने नवं घेतलंच नव्हतं. ऑफिसातल्या कुणीतरी तिला दिलं, असं आई एकदा बोलून गेली होती. विकत की असंच, ते नाही म्हणाली. तेव्हा फॉरेनचं पेन नवं मिळणं सोपं नव्हतं, जुनंच घेतलं असेल तर नवल नाही. पण मग तो दाणा झिजवणारा डावरा हात आत्याचा की आधीच्या कुणाचा? आणि दिलं असेल, तर कुणी दिलं, आणि का?

बाबांना परत विचारून उपयोग नाही. काकू रविवारी डोंबिवलीहून येतेय. ती आणि आत्या लग्नानंतर इतकी वर्षं एका घरात, एका स्वयंपाकघरात होत्या. पोळी लाटताना, वाढताना, हिशोब लिहिताना तिने आत्याचे हात माझ्यापेक्षा जास्त पाहिलेत. दोन्ही गोष्टी तिला सरळ विचारणार आहे, हाताची आणि त्या ऑफिसातल्या माणसाची. बाबा समोर असले तरी.