मेडिकल बोर्डाकडे अर्ज करताय? आधी शिक्का मागा

पोटातल्या बाळात गंभीर दोष असल्याचं चोवीस आठवड्यांनंतर नक्की झालं, तर गर्भपातासाठी सरकारी मेडिकल बोर्डाची, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीची, परवानगी लागते. कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासूनची ही सोय. आमच्या बाळाच्या हृदयाबद्दल शंका विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच आली होती. मग फीटल एको (बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी), मग गर्भजल तपासणी. रिपोर्ट हातात पडेपर्यंत चोवीस आठवडे उलटून गेले.

बोर्ड होतं सरकारी रुग्णालयात, आणि घोडं अडलं तिथंच. नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत बोर्डानं मत द्यायचं असतं. परवानगी दिली तर अर्जापासून पाच दिवसांच्या आत गर्भपातही व्हायला हवा. पण आमच्या अर्जाची नोंदच होईना. खिडकीवरचा माणूस कागद चाळायचा आणि परत द्यायचा. "रेडिओलॉजिस्ट मॅडम रजेवर आहेत. सगळे मेंबर असतील तेव्हा या." आवक क्रमांक नाही, म्हणून मुदत सुरूच होत नव्हती. पोटात बाळ हलत होतं. दिवस जातील तशी प्रक्रिया जड होत जाते, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी जागचं हललं नाही. त्याचा राग अजून आहे.

शेवटी माझ्या नणंदेनं अर्जाची दुसरी प्रत पुढं केली. "हिच्यावर शिक्का आणि तारीख द्या, नाहीतर अर्ज घेत नाही असं लिहून द्या." शिक्का मिळाला. पुढं बोर्ड बसलं, परवानगी आली. तिथले डॉक्टर चांगले बोलले. तज्ज्ञांनी रिपोर्ट पुन्हा पाहिल्यामुळे माझ्या मनातली शंकाही फिटली, म्हणून बोर्डच नको असं मी म्हणणार नाही. त्याची वेळ मात्र सरकारनं पाळायला हवी.

आणखी एक. आमच्याकडे नवऱ्याची सही मागितली होती. ती लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते.

बोर्डानं नाही म्हटलं तरी हायकोर्टाचा रस्ता आहे. जानेवारी २०२३ मध्ये असाच नकार मिळालेल्या एका बाईला मुंबई उच्च न्यायालयानं बत्तिसाव्या आठवड्यात परवानगी दिली. निर्णयाचा हक्क तिचा आहे, बोर्डाचा नाही, असं सांगून. बोर्डाचं मत फॉर्म डी वर असतं. त्याची प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका, वकील पहिल्यांदा तीच मागेल.